हौदातले मासे

मुलांनो, समजा, तुम्ही चिमीसारखे बँकेतल्या बाकड्यावर पाय हलवत बसला आहात. शेजारी चिमीची आत्या आपली सगळी पुंजी रंगाच्या कारखान्यात गुंतवायला सही करणार आहे. मागे त्याच कारखान्याचे मालक आपल्या कारखान्यातल्या मॅनेजरशी कुजबुजताहेत.

"साहेब, कर्ज देण्याआधी बँकवाले हौदातले मासे बघणार म्हणे."

"बघू देत की! नदीत सोडतो तेच पाणी हौदात आहे. मासे जगले, म्हणजे पाणी चोख."

"पण कालचे उलटे झालेत."

"मग ताजे आणून सोड! दर वेळी सांगायचं का?"

"तरी शंका घेतली तर?"

"म्हणावं, मालक स्वतः हे पाणी पितात."

"आणि त्यांनी पेला पुढे केला तर?"

"तर तू पी!"

चिमीने आत्याच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि ती त्यावर बसून राहिली.