टाकी नंबर दोनचा खडू

सन्माननीय अध्यक्ष टिपणीस साहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, युनियनचे पदाधिकारी, पहिल्या रांगेत बसलेली आमची सौ. वृंदा, आणि शिफ्ट बदलून माझ्या निवृत्तीच्या समारंभाला आलेल्या बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षांत मी बोललो कमी, ठोकलं जास्त. मघाशी मधू चौबळ म्हणाले, "गुप्ते साहेबांच्या हातोडीपुढे टाकी खोटं बोलत नाही." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मधू, ते खरंच आहे. टाकी नाही खोटं बोलत. म्हणून मला आज पाच मिनिटं जास्त द्या.

नवीन मंडळींनी ते काम पाहिलेलं नाही. आता पत्र्याची जाडी मापायला यंत्र आलंय. तेव्हा डिझेलच्या टाकीचा पत्रा हातोडीने ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर गंजलाय. ठोकलं की तिथे खडूने गोल काढायचा. टाकीभोवती कमरेएवढी भिंत, म्हणजे तेल सांडलं तरी आतच राहावं. पावसाचं पाणी त्या भिंतीत साचतं. पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना, हे बघायचं आणि मगच व्हॉल्व उघडून ते नाल्यात सोडायचं. हे काम अनंता गायकरकडे होतं. नाल्याकाठच्या गावचा माणूस. येताना घरच्या विहिरीच्या पाण्याची कळशी आणायचा. कंपनीच्या नळाचं पाणी त्याला चालायचं नाही. आम्ही त्याची थट्टा करायचो आणि त्याचंच पाणी प्यायचो.

नऊ वर्षांपूर्वीचा, सत्त्याऐंशी सालचा मे महिना. टाकी नंबर दोन. तिला बाहेरून जिना आहे. त्याच्याखाली वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना, आणि माझी कंबर धरलेली. वाकून बघितलं तर खडूचे गोल होते. मी म्हटलं, आहेत की खुणा.

मंडळी, जिन्याखाली पाऊस लागत नाही. तो खडू आदल्या वर्षीचा होता. पिवळा पडला होता. मला ते दिसलं नाही असं म्हणायचं का? दिसलं. तरी मी पत्रा तपासल्याची सही केली.

जुलैत अनंताने पाण्यावर तवंग नाही हे बघितलं, व्हॉल्व उघडला आणि पद्धतीप्रमाणे पुढच्या टाकीकडे गेला. तेवढ्यात जिन्याखालचा पत्रा फाटला. तासाभराने तो परत आला तेव्हा डिझेल नाल्यात पोचलं होतं. नाल्यातून त्याच्याच विहिरीत.

मी धावत गेलो, जिन्याखाली शिरलो. भोक माझ्याच एका गोलाच्या बरोबर मधोमध होतं. खडूचा रंग बघून कोणालाही कळलं असतं. मी खिशातला रुमाल काढला आणि सगळे गोल पुसून टाकले. वृंदा, तू तेव्हा विचारलं होतंस, रुमालाला डिझेलचा वास कसा? मी तुझ्यावर ओरडलो होतो.

चौकशीत मला एकच प्रश्न आला. मे महिन्यात तिथला पत्रा ठोकला होतात? मी म्हटलं, हो. झालं! पत्रा धड होता म्हणजे एकाएकी फाटणार नाही, तेल आधीपासून झिरपत असणार, पाण्यावर दिसत असणार, आणि अनंताने न बघताच व्हॉल्व उघडला असणार. अनंताला काढलं. गेटवर तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, पानी साफ व्हता."

पुढे तो उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, एका शेठच्या कारखान्यात वॉचमन होता. बाजारात भेटायचा. मी रस्ता बदलायचो, तो मुद्दाम गाठायचा. पहिली काही वर्षं म्हणायचा, "पानी साफ व्हता." मग विचारायला लागला, "साहेब, पानी साफ व्हता ना?" आणि शेवटचा भेटला, त्र्याण्णव साली, तेव्हा म्हणाला, "मनाच नीट दिसला नसंल, साहेब. तुमी तं ठोकून बगला व्हता." त्या दिवाळीआधी तो गेला.

नोकरी मी घालवली, विहीर मी घालवली. पण त्याच्या डोळ्यांवरचा त्याचाच विश्वास मी घालवला, हे मला सहन होत नाही. आजही पाण्याचा पेला तोंडाशी नेला की आधी वास घेतो. घरातल्या भिंतीवर कॅलेंडर काढलेल्या जागी मला गोल दिसतात. हातोडी हातात घेतली की कानात पत्रा नाही, अनंताच वाजतो.

अध्यक्ष महाराज, या पाकिटात माझा लेखी जबाब आहे. चौकशीच्या कागदांना तो जोडा आणि अनंता गायकरच्या नावापुढचा शेरा खोडा. माझं जे करायचं ते करा. ही शाल मी टेबलावरच ठेवतो.

आपण सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, चहापाणी मांडलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं आपल्याला म्हणून मी खाली बसू शकतो. पण शेवटच्या रांगेत, दाराशी, अनंताची बायको सखू बसली आहे. मीच बोलावलंय तिला, कशासाठी ते न सांगता. तिच्याकडे मी माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. फक्त नऊ वर्षं अडकलेलं उत्तर देतो.

सखूबाई, अनंताने नीट बघितलं होतं. पाणी साफ होतं.