दोघांत मिळून दीड अंगठा

बाबा : तेव्हाच म्हटलं होतं की नाही, धारदार चाकूपेक्षा बोथट चाकूला जास्त जप म्हणून?

मी : म्हटलं होतं, बाबा.

बाबा : आणि तू काय म्हणालीस? "घरात लहान मूल आहे, बोथट तेच बरं." सगळे चाकू बोथट! शेवटी काय झालं? टोमॅटो ठणठणीत आणि तुझ्या अंगठ्याला टाके.

मी : दोनच.

दुकानदारीण : ताई, बाबागाडी जरा आत घ्या, दार लागेल तिला. हां. काय दाखवू?

बाबा : घडीचा चाकू. खिशात राहील असा. हिच्यासाठी.

मी : हो, माझ्यासाठी. रोजच्या कामाला. पार्सलं, दोरे, फळं... ठमी, हात आत! ताई, ते काचेचं झाकण लावून घ्या ना. हिचे हात कुठवर पोचतील, सांगता येत नाही.

दुकानदारीण : अहो, दोन्ही हातांत बिस्किटं आहेत तिच्या.

मी : ती संपली की?

दुकानदारीण : बरं बाई, लावलं. हे वडील का तुमचे?

बाबा : सासरा.

दुकानदारीण : तरीच. सख्खे वडील असते तर एव्हाना भांडण झालं असतं.

बाबा : ते घरूनच करून आलोय.

दुकानदारीण : हा बघा. हलका आहे, खिशात आहे की नाही तेही कळत नाही. पात्यावर ही खाच. तिच्यात नख अडकवायचं आणि ओढायचं. घ्या ताई.

मी : माझ्या बोटाला हे एवढं मोठं बँडेज. बाबा, तुम्ही बघा.

बाबा : मी कशाला? वापरणार तू.

दुकानदारीण : काका, उघडून तर दाखवा त्यांना.

बाबा : चष्मा घरी राहिलाय.

मी : डोळ्यांवर आहे, बाबा.

बाबा : हा लांबचा.

दुकानदारीण : म्हणजे तुमच्या दोघांत मिळून धड अंगठे किती?

मी : माझा एक.

बाबा : माझा अर्धा धरा. थंडीचा जरा आखडतो.

दुकानदारीण : दीड अंगठा! एवढ्यावर मी चाकू कसा विकू?

मी : आणि हा एक आणलाय. धार लावायला.

बाबा : हा... हा कुठे मिळाला तुला?

मी : तुमच्या मोज्यांच्या खणात.

बाबा : तिथे तू काय करत होतीस?

मी : धुतलेले मोजे ठेवत होते. चाकू तिथे काय करत होता?

दुकानदारीण : अरे वा, जुनं काम आहे हे! मूठ बघा कशी गुळगुळीत झालीय. काका, धंदा कुठला तुमचा?

बाबा : नाटकगृहात पडद्यांच्या दोऱ्यांवर होतो. वर, माळ्यावर. खाली नायिका रडतेय आणि वर अंधारात आम्ही दोघं, दोऱ्या कापायला चाकू एक. म्हणून आमचा नियम होता. चाकू द्यायचा तर मूठ पुढे करून, आणि समोरचा "घेतला" म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

दुकानदारीण : आणि सुटला तर?

बाबा : एकदा सुटला. थेट राजाच्या सिंहासनात रुतला. राजा शहाणा, त्याने उरलेलं राज्य उभ्याने केलं.

दुकानदारीण : काहीतरीच! थांबा, पातं बघू दे... अगं बाई, हे काय? तेल! तळून काढलाय का हा? माझी बोटं बघा.

बाबा : जरा अडकत होता. म्हणून रोज थेंबभर सोडत होतो.

दुकानदारीण : कुठे अडकतोय? हे बघा, टक्. आणि मिटला. या चाकूंची स्प्रिंग पहिल्यापासून अशीच कडक असते. चाकूत काही दोष नाही, काका.

बाबा : काहीच नाही?

दुकानदारीण : काहीच नाही.

बाबा : मला वाटत होतं, असावा.

मी : बाबा, मी बघतेय केव्हापासून. तुम्ही खिसा चाचपता आणि हात तसाच रिकामा बाहेर काढता. ठमीच्या बुटांचं खोकं किल्लीने फाडलंत. बटण लावताना दोरा दातांनी तोडलात. आणि परवा काय म्हणालात? "मला हल्ली सफरचंद अख्खंच आवडतं."

बाबा : आवडतं.

मी : कवळीने?

बाबा : तू पोलिसात का नाही गेलीस गं?

मी : आई झाले ना. काम तेच, फक्त सुट्टी नाही.

बाबा : म्हणजे मघापासून हे "माझ्यासाठी, माझ्यासाठी" जे चाललंय...

मी : तुमच्यासाठी म्हटलं असतं तर आला असता?

बाबा : नसतो आलो. मला वाटलं, तुला कळलं तर तू सुटकेचा निःश्वास टाकशील. बरं झालं, म्हणशील, घरातला शेवटचा धारदार चाकूही गेला.

मी : टाके पडायच्या आधी म्हटलंही असतं, बाबा. आता नाही म्हणणार.

दुकानदारीण : बास. दुकानात डोळे पुसायचे नाहीत, पाणी लागलं की पाती गंजतात. काका, हा दुसरा धरा. पात्याला हे गोल भोक आहे ना, तिथे अंगठा नुसता टेकवायचा आणि ढकलायचं. नखाचं कामच नाही.

बाबा : मूठ जाड आहे.

दुकानदारीण : जाडच हवी. बारीक मूठ आवळून धरावी लागते, ही हातात आपली आपण बसते.

मी : आणि काम करताना मधेच मिटला तर? बोटावर?

दुकानदारीण : खटका आहे. ही पट्टी सरकवल्याशिवाय मिटत नाही.

मी : पट्टी सरकवायला जोर लागतो?

दुकानदारीण : ताई, तुम्ही गिऱ्हाईक आहात की परीक्षक?

मी : दोन्ही. आणि मिटवताना बोटं कुठे ठेवायची?

बाबा : पात्याच्या वाटेत सोडून कुठेही. एवढं अजून आठवतं मला. सर जरा बाजूला, ठमीची गाडी मागे घे.

मी : सावकाश हं...

बाबा : उघडला!

दुकानदारीण : उघडला की!

बाबा : परत बघ. मिटला. उघडला. मिटला. पोरी, एका हाताने! तेव्हा हा असता, तर दुसऱ्या हाताने दोरी धरून बसलो असतो आणि तो राजा आरामात सिंहासनावर मेला असता!

दुकानदारीण : काका, अजून तो दुकानाचा आहे. झिजवू नका.

मी : बाबा, ठमी टाळ्या वाजवतेय.

बाबा : बिस्किटं संपली वाटतं. घेऊ या का हा? तुझ्यासाठी?

मी : माझ्यासाठीच. फक्त माझ्या पिशवीत ठमी कोपरापर्यंत हात घालते, त्यामुळे सांभाळायचा तुम्ही. तुमच्या खिशात.

बाबा : आणि तुला लागला तर?

मी : हाक मारीन ना. इतक्यांदा मारीन की वैतागाल. आणि ताई, घरचे चाकूही उद्या आणते धारेला. सगळे.

दुकानदारीण : आणि हा जुना?

बाबा : याला चांगली धार लावा. हा हिचा. अंगठा बरा झाला की उघडेल तिला. ठमीला मात्र अजून कितीतरी वर्षं उघडायचा नाही. स्प्रिंग पहिल्यापासूनच कडक आहे ना?

दुकानदारीण : दगड आहे दगड.

मी : तरी मी वरच्या फळीवरच ठेवणार.

बाबा : ठेव गं बाई, छपरावर ठेव. झाली का धार? द्या इकडे. हं, हा तुझा धर. मिटलेला आहे, मूठ पुढे आहे.

मी : धरला.

बाबा : "धरला" नाही. काय म्हणायचं?

मी : घेतला.

बाबा : आता सोडतो.

मी : (तुमच्याकडे वळून) आणि तुम्ही हो, इतका वेळ बाबागाडीमागे उभं राहून आमचं सगळं ऐकलंत ना, मग एक काम करा. घरी गेलात की आपल्या माणसांच्या हातांकडे जरा बघा. कुणी दोरा दातांनी तोडताना दिसलं, तर विचारू नका काही. नुसतं म्हणा, मला एक चाकू घ्यायचाय, येता का बरोबर?