नासपतीच्या ताटाला भोकं

— अहो बसा, बसा, त्या खुर्चीला काय घाबरायचं, वायर कापलीये तिची, आता ती मागेही झुकत नाही आणि वरही जात नाही. दवाखाना बंद केला तेव्हा सगळं सामान गेलं, ही एक राहिली — घेणाऱ्याला पाठीमागचं फाटलेलं दिसत नव्हतं, ते मीच दाखवलं. खोटं बोलता येत नाही मला. म्हणजे बोलता येतं, टिकवता येत नाही. चहा? नको? बरं. पण तुम्ही सहाला येणार होतात ना, आमची ही तसं सांगून गेली होती, आणि आता वाजलेत चार. नाही नाही, लवकर आलात ते उत्तम, फारच उत्तम! ही गेलीये बहिणीकडे, मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आठ दिवस तिकडेच आहे — आज येतेय, साडेचारच्या बसनं. म्हणजे आपल्याला अर्धा तास आहे. कशाला म्हणजे? बोलायला.

ताट ना? आहे ना, तयार आहे. जरा जास्तच तयार आहे. देतो, देतो, एवढी काय घाई आहे, आधी हे बघा, हे भिंतीवरचं. हातात घ्या, फुटत नाही. आता काठ असा खिडकीकडे धरा — दिसला उजेड आरपार? दोन मिलिमीटर. लेथवर फिरणारं लाकूड दोन मिलिमीटरपर्यंत आणायचं म्हणजे श्वास रोखून धरायचं काम, ते हिचं. वडील खुर्च्यांचे पाय करायचे तिचे, त्या लेथवर वाढली ती. आणि ही जाळी, ही भोकं, हे मधले खरखरीत ठिपके, हा रंग, हे माझं. कशानं पाडतो विचारा. विचारा तर! दाताच्या मशीननं. तेच, घूंऽऽ करणारं — बघा, नुसत्या आवाजानं हात गालाला गेला तुमचा! सगळ्यांचा जातो.

बत्तीस वर्षं केलं ते काम. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं बत्तीस वर्षं भरलं. आणि बडबडीची सवय लागली ती तिथेच. समोरच्याच्या तोंडात दोन्ही हात घालून मी विचारणार, "मग, मुलगी काय करते सध्या?" तो म्हणणार "आँ-आँ", मी म्हणणार "अरे वा!" इतका छान संवाद पुन्हा कुणाशी झाला नाही. घरी ही उत्तरं द्यायची ना, सगळी लय बिघडायची. तुमचं बरंय, तुम्ही नुसती मान हलवताय.

सोडलं का? वय झालं. — वय नाही, हात. हा उजवा. बघा, आता शांत आहे, पण चमचा दिला तर वाजवून दाखवेल. शेवटचे पेशंट आमचे पोस्टमास्तर, खालची दाढ, मशीन सुरू, आणि मला दिसलं की सुईचं टोक हलतंय. इतकंसंच. त्यांना कळलंही नसतं. मी मशीन बाजूला ठेवलं, म्हटलं बिघडलं वाटतं, आणि समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या येईपर्यंत पाऊण तास पोस्टमास्तर आ करून बसले होते, आणि मी त्यांना हवापाण्याच्या गोष्टी सांगत होतो. दाढ छान झाली. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मग काय, भिंत. ही समोरची. रंगाचे पोपडे कुठे कुठे निघालेत ते मला पाठ होतं. चार-पाच महिने गेले असे, आणि एक दिवस हिनं माहेरून वडिलांचा लेथ आणवला, म्हणाली मला करमत नाही. एक ताट केलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणते, "शी, किती साधं दिसतंय हो हे, याचं काहीतरी करा." साधं! इतकं देखणं ताट होतं ते, बघत राहावं. पण मला म्हटली ना, काहीतरी करा. लाकडाला दुखत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

हो, हो, तुमचंच ताट. येतोय त्याच्यावरच. मला माहीत आहे, तुमच्या आईनं लावलेलं नासपतीचं झाड, वादळात पडलं. तुम्ही ओंडका पाठवलात तेव्हा मी होतो ना इथे. त्याचे तीन तुकडे वाळताना तडकले, एकच ताट निघालं, आणि तुम्ही सांगून ठेवलंत — साधं हवं, नुसतं लाकूड दिसायला हवं. हीपण जाताना मला दारातून दोनदा बजावून गेली. ऐकलं मी. नीट ऐकलं. तीन दिवस मी त्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. फडकं टाकून ठेवलं होतं त्याच्यावर.

चौथ्या दिवशी फडकं धुवायला घेतलं.

आता हे तुम्ही शांतपणे ऐका. त्या ताटाच्या काठाला एक भोक होतं. माझं नाही! आधीचं, किड्यानं पाडलेलं, मोहरीएवढं, आत काळा भुगा. कीड होती हो ती. आणि मी कोण? बत्तीस वर्षं जे दिसलं की मी आधी साफ केलं आणि मग नाव विचारलं, ते माझ्यासमोर, माझ्याच घरात, टेबलावर. म्हटलं नुसतं स्वच्छ करावं, ताईंनाही बरं वाटेल. मशीन कपाटावर होतं, स्टूल घेतलं, काढलं — इतक्या महिन्यांनी काढलं तर गुंडाळलेल्या फडक्यावर धूळ नाही, आमच्या हिची स्वच्छता म्हणजे कपाटाच्या वरसुद्धा! — सुई लावली, भुगा काढला, आणि हा हात एवढासा हलला. मोहरीचा वाटाणा झाला. कडेला वाकडा. आता असं आहे ताई, भोक एकटं असलं की ती चूक दिसते. सदतीस असली की नक्षी.

बसा हो, उठू नका! दाखवतो. आधी ऐका आणि मग बघा, कारण नुसतं पाहिलंत तर तुम्ही जाल. सरळ रेषा मला आता जमत नाही, गोल तर नाहीच. ते वाकडं भोक मी दोन दिवस पाहिलं, आणि मग दिसलं — हे तर अळीनं खाल्लेलं पान आहे! पानाची कड सरळ असते, पण अळी काय फूटपट्टी घेऊन खाते का? मग त्या भोकाभोवती पान काढलं, शेजारी दुसरं, असं करत करत पूर्ण काठ. भोकांच्या कडा तापल्या तारेनं काळ्या केल्या, खाल्लेल्या पानाची कड वाळून होते तशा. पानांच्या मध्ये ठिपके, अगदी बारीक, बोट फिरवलं की पेरूची फोड चावल्यासारखी करकर लागते. आणि गंमत सांगू का, ठिपके हा हात आपोआप पाडतो, मी फक्त ताट सरकवत राहायचं! रंग स्पिरिटचा, आधी हिरवा, तो घासून काढला, वर पिवळा, तो घासला, मग थोडा गंजाचा. हिचं म्हणणं असतं, रंग लाकडात जिरला पाहिजे, वर बसता कामा नये. जिरलाय. मधलं सगळं लाकूड मोकळं सोडलंय, तुमच्या आईच्या झाडाचं, त्याला बोट लावलेलं नाही. हं. घ्या.

...

बोला ना काहीतरी. निदान आँ-आँ तरी म्हणा.

काय? खरंच? अळ्या यायच्या त्याच्यावर? दर वर्षी? — आणि आई हातानं वेचायच्या! एकेक! आणि तुम्ही खाली डबा धरून... आणि पळून जायचात. मी पण पळालो असतो. हसताय की रडताय तुम्ही, हे मला कळू द्या, माझ्या पेशंटांचंही मला कधी कळायचं नाही. हसताय. दोन्ही. बरं, दोन्ही चालेल. हा रुमाल घ्या, स्वच्छ आहे, एका कोपऱ्याला हिरवा डाग आहे तेवढा सोडा.

म्हणजे नेताय ना तुम्ही? न्या, अगदी न्या! मग आता एक विनंती. ही आली की तुम्ही म्हणायचं, मीच निरोप पाठवला होता, नक्षी करा म्हणून. एवढंच. का म्हणजे — हा अंगठा बघा. नखाशेजारी. चार टाके. थंडीत झालं ते, मशीन निसटलं. ही ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ओरडली नाही. फरशी पुसली, टाके घालून आणले, घरी आल्यावर मशीनला फडकं गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. मी शब्द दिला, पुन्हा हात लावणार नाही. आठ महिने पाळला. आठ महिने ही साधी ताटं करतेय आणि मी त्यांना तेल लावतोय. तेल कुणीही लावतं हो! तुम्हाला म्हणून सांगतो, मी हिला काही बोललो नाही, पण भिंत पुन्हा पाठ व्हायला लागली होती. काम हवंय मला. दुसरं काही नको. आणि हे तिला कळलं की मशीन कपाटावरून थेट भंगारात जाईल, आणि तिचं चूकही नसेल. जित्याची खोड, दुसरं काय.

तीही म्हातारी झालीच की. हा काठ पाहिलात? माझ्या हातावर हसतात सगळे, पण हिचा हात जड झालाय, ते कुणी बोलत नाही. आधी दोन मिलिमीटर काढायची, आणि हे बघा, चार! चांगला चार आहे. इतक्या जाड काठाला कुणीही भोकं पाडेल, आंधळासुद्धा. मी बोलणार नाही तिला, वाईट वाटेल.

काय? बुडाशी काय आहे? — ती तिची सही असेल, ताट झालं की बुडाच्या खळगीत पेन्सिलीनं तारीख घालते. मी बघत नाही ते. मागच्या कडाही मी बोटानं चाचपून घासतो, मागची बाजू बघायची तर मला सवयीनं दातांचा तो छोटा आरसा लागतो आणि आरसा दवाखान्याबरोबर गेला. सही नाही? लांबलचक लिहिलंय? इतकं बारीक मला चष्म्याशिवाय — वाचा तुम्ही. वाचा, वाचा, तिचं अक्षर चांगलं आहे.

...

पुन्हा वाचा.

"काठाला एक किडकं भोक आहे. तुम्हाला दिसेलच. हात लावू नका." — हो. आणि पुढे? — "लावलातच तर अंगठा सांभाळा."

...

नाही, काही नाही. जरा उठता? मी बसतो. ह्या खुर्चीत मी कधी बसलोच नव्हतो, काय कडक आहे हो, लोक कसे बसायचे.

जाताना लिहिलं तिनं. बॅग भरून झाली होती, बस चुकेल म्हणून मी ओरडत होतो, आणि ही म्हणाली आले, दोन मिनिटं. म्हणजे ती ही दोन मिनिटं. म्हणजे कपाटावरची धूळसुद्धा तिनं मुद्दाम पुसलेली — आणि मी म्हणतो स्वच्छता! आणि तो काठ. हात जड नाही झालेला तिचा. अजिबात नाही झालेला. माझ्यासाठी ठेवला तिनं तो जाड, तुम्ही साधं सांगितलं असताना. तुमच्या ताटावर जुगार खेळली हो ती! आणि मी शहाणा, स्टूल परत जागच्या जागी ठेवलं, एक बोट इकडचं तिकडे नाही.

नको, आता काही सांगू नका तिला. निरोप वगैरे काही नको. मी सांगेन. किंवा अंगठा दाखवेन नुसता, एकही नवा टाका नाही, तो बघेल ती आधी. ताट न्या तुम्ही, तुमचंच आहे, कागदात गुंडाळून देतो. वरून तेल लावत जा वर्षातून दोनदा, कुठलंही खायचं तेल नको, चिकट होतं, ही बाटली घ्या. पण बुडाला लावू नका. बुडाला अजिबात नको, पेन्सिल आहे ती, पुसली जाईल. तुमच्या काय कामाची ती, मला माहीत आहे. तरी नको. कधी इकडे आलात तर ताट घेऊन या, मी पालथं करून बघेन आणि परत देईन.

फाटक वाजलं. बॅगेचं चाक, तीच. आली. आता आपण दोघंही गप्प बसायचं. तुम्हाला सवय झालीये एव्हाना, माझं बघू या, जमतं का —