हात कानाला लागूस्तोवर

न्हाई, पन मी म्हंतो, वाढायची येवढी घाई कसली? आँ? मिरजंची गाडी सुटतीया का? तुमी हासतायसा... हासा! तुमच्या घरात तसलं कोन न्हाई, म्हनून हासतायसा. आमच्या घरात हाय. हौसा! माजी नात, माजा ल्योक ज्ञानू, त्येची लेक. ज्ञानू तिकडं पल्टनीत, सून अंजना दिसभर रानात, आमची मंडळी तर कवाच सोडून गेली देवाघरी, मंग घरात ऱ्हायलं कोन? मी, रिटायर हवालदार सयाजी, आन् ही येवढीशी कार्टी. दोघंच! सकाळधरनं सांजंपतूर दोघंच. बरं चाललंवतं का न्हाई आमचं? लय बरं चाललंवतं. पन ही वाढाय लागली की वो!

तुमास्नी सांगतो, पल्टनीत मी पोरं शिकवली, मिशा फुटल्याली, सहा-सहा फुटाची, त्यास्नी डावा-उजवा कळंना. एका पायाला सुतळी बांधाय लागायची! आन् ही? रांगत हुती तवा उंबऱ्यापाशी यायची, थांबायची, खाली बगायची, आन् मंग गर्रकन् फिरून पाय आदी खाली सोडायची. कुनी शिकवलं? कुनी न्हाई! चालाय लागली तर पायरीला दोन्ही पाय टेकवायची, येक पायरी, दोन पाय, येक पायरी, दोन पाय. मी म्हनलं चला, हितं दोन-चार वर्सं जातील. कुठलं काय! येक दिस बगतुय तर येका पायानं येक पायरी, दुसऱ्या पायानं दुसरी, आन् वर जाऊन मलाच म्हंती, 'आबा, धरून ये, पडशील.'

आन् डोस्कं! डोस्कं तर इचारूच नगा. लपाछपी खेळायची तवा काय करायची, जागची हालायची न्हाई, नुसतं आपलं डोळं झाकायची. झाली लपून! तिला मी दिसत न्हाई म्हंजी मला ती दिसत न्हाई. मी आपला तिच्याफुडनं हिंडतुय, 'हौसा कुठं गेली गं बाई, कुत्र्यानं न्हेली का काय,' आन् ही खुदूखुदू हासतीया. असं सुकाचं दीस! मंग येक दिवस खरंच लपली. धान्याच्या कनगीच्या मागं. मी घर पालथं घातलं, आडात वाकून बगितलं, घाम फुटला मला... आन् ही येऊन मागनं धोतर वडून म्हंती, 'आबा, तुला हुडकायचं येत न्हाई.' अभिमान वाटला बगा. आन् रागबी आला. वाढायची येवढी घाई कसली, सांगा की!

भाकरीचंच घ्या. येका भाकरीवर समाधान न्हाई बाईसाहेबांचं. 'मला दोन पायजेत!' मी काय करायचो, तीच भाकरी मदोमद मोडायची आन् म्हनायचं, ही घे दोन. खूस! बोटानं मोजायची, येक, दोन, आन् गपगुमान खायाची. वरीस दीड वरीस चालली ही युक्ती. येक दिस तिनं ते दोन तुकडं घेतलं, ताटात येकाला येक लावून बगितलं, नीट कडंला कड जुळवली, आन् माज्याकडं बगितलं. कसं बगितलं म्हंता! आमचा कर्नल साहेब बटन तुटलं की बगायचा, तसं. 'आबा, ही येकच हाय की.' झालं! युक्ती गेली. दुसरी भाकरी द्यावी लागली. पन मी त्या दिवशी शेजारच्या तात्याबाच्या घरी जाऊन सांगून आलो, म्हनलं, तात्याबा, आमच्या हौसानं भाकरीची लबाडी धरली! तात्याबा म्हंतो, 'आरं, भाकरीचं काय घिऊन बसलाईस? तुज्या नातीचं वय किती, ते तरी ठावं हाय का?'

आता हितनं खरी गोष्ट सुरू हुतीया, ऐका. वय ठावं असायला आमच्या कुंडल गावात जन्माची नोंद हाय कुनाची? अंजना सांगती, 'ज्वारी हुरड्यात आलीवती तवा झाली, लढाई चाललीवती.' शाळंचं इष्णुपंत मास्तर म्हंजी मूळचं वाईचं, बोलनं येकदम स्वच्छ, ते म्हंत्यात, 'हवालदार, लढाया दोन झाल्या, पासष्टची आणि एकाहत्तरची. आपली कोणती?' मी म्हनलं, आवं मास्तर, पासष्टची असती तर पोरगी आता डोईवर घागर घिऊन आली असती! तर ते म्हंत्यात, 'ते काही नाही. आपल्या शाळेचा नियम एकच. उजवा हात डोक्यावरून घ्यायचा, डाव्या कानाला लागला की मूल शाळेत. नाही लागला, लहान आहे.' तुमी-आमी समदी असंच शाळंत गेलो का न्हाई? कान हाच दाखला!

तर मागच्या जून म्हैन्यात हिला न्हेली. न्हेली म्हंजी, मी कशाला न्हीन? अंजनानं न्हेली. मी आपला मागनं. हौसानं हात घेतला डोक्यावरनं, वडला, वडला, जीभ बाहीर काढली, डोळं फिरवलं... कानाच्या वर चार बोटं! मास्तर म्हनले, 'लहान आहे.' अंजनाचं तोंड येवढंसं झालं. हौसा तर भोकाड पसरून रडली. आन् मी? तुमास्नी खरं सांगतो, मी मनातल्या मनात खंडोबाला नारळ बोललो! आवं, ही शाळंत गेली की मी घरात कुनाशी बोलायचं? म्हशीशी?

पन ह्या पोरीनं त्यो कान मनाला लावून घेतला की वो! दिसातनं धा येळा हात डोक्यावर. जेवताना, झोपताना. नुसतं आपलं न्हाई, समद्या दुनियेचं तपासाय लागली. बाहुलीचा हात लागत न्हाई, बाहुली ल्हान. मांजराचा लागत न्हाई, मांजर ल्हान. येक दिस दारात कुत्रं कान खाजवत बसलंवतं, ही पळत आली, 'आबा, आबा, कुत्र्याचा लागतुय! त्येला का न्हाई घेत शाळंत?' मी म्हनलं, बाई, त्यो त्येचा पाय हाय. झालं! तिथंच फतकल मारली, पाय उचलला आन् अंगठा लावला की कानाला! 'आबा, माजा पाय लागतुय. मास्तरला सांग.' मी कशाला सांगतुय! मास्तरनी पाय चालंल म्हनलं तर?

आन् चित्रं? कोळशानं भितीवर मानूस काढला, येक मोटं डोस्कं आन् डोक्यातनंच खाली दोन पाय. म्हनलं, ह्ये कोन? म्हंती, 'तू.' म्हनलं, आगं मला प्वाट कुठाय? म्हंती, 'तू अजून जेवला न्हाईस.' आता ह्या हुशारीला शाळा कशाला पायजे, तुमीच सांगा! पन म्हैन्याभरानं बगतुय तर त्याच मानसाला प्वाट आलंय, हात आलंत, हाताला बोटं आली, मोजली तर सात, पन आली, आन् येक हात डोक्यावरनं पार कानाला लागल्याला. वाढायची येवढी घाई कसली, सांगा की!

मंग ह्या वर्सीचा जून आला. मी बी कच्च्या गुरूचा चेला न्हवं. सकाळी उठून हिची येनी मीच घातली. टाळूच्या बरोबर मदी असा बुचडा बांदला, वर लाल फीत, त्यात जुन्या पटक्याचा बोळा कोंबला. दिसाय झ्याक! अंजना म्हंती, 'मामंजी, ह्ये डोईवर काय उगवलंय?' मी म्हनलं, दिल्लीला अशीच फ्याशन हाय. म्हनलं आता जाऊ दे हात कुठनं जातुय त्यो, घाट चढून जायाला लागंल!

शाळंत गेलो. रांग लागल्याली, पोरं रडत्यात, आया दटावत्यात, नाकं पुसत्यात. हौसाची पाळी आली. मास्तर म्हनले, 'हं, हात.' हात वर गेला, बुचड्याला अडकला. मी मुंडी हालवली, म्हनलं, र्‍हाऊ द्या मास्तर, ल्हानच हाय. पन ही थांबली. हातानं डोस्कं चाचपलं. फीत सापडली. वडली. बोळा काढला, आन् माज्या हातात दिऊन म्हंती, 'आबा, ह्ये धर, ह्ये मधी येतंय.' आन् हात घेतला डोक्यावरनं... लागला! नुसता लागला न्हाई, कान धरून वडून दाखवला! मास्तर म्हनले, 'वा! बुद्धी आहे हो पोरीला.' बुद्धी आहे! आवं, मला इचारा की बुद्धी हाय का न्हाई! छाती अशी फुगली माजी... आन् त्यो बोळा मुठीत आवळला.

समदी पोरं गळा काढून रडत हुती. म्हनलं, ही बी रडंल, मंग घिऊन जाऊ. रडंना! सरळ आत गेली आन् फुडच्या रांगंत मांडी घालून बसली. मी आपला खिडकीपाशी उभा, हातात त्यो पटक्याचा बोळा. घंटा झाली तरी उभा. मास्तर म्हनले, 'हवालदार, या आता.' माजं पाय उचलंनात. डोळ्यातनं पानी आलं, आता आलं तर आलं, त्यात लपवायचं काय? तर हौसा उठून बाहीर आली. माजं तोंड बगितलं. म्हंती, 'आबा, तुलाबी बसायचंय शाळंत?' मी 'व्हय' म्हनून मान डोलावली. तर कंबरंवर हात ठिऊन म्हंती, 'मंग हात लाव बगू कानाला.'

मी वर केला हात. आता पल्टनीत बर्फातल्या थंडीनं खांदा आखडल्याला माजा, त्यो कुठला वर जातुय! कपाळापतूर गेला आन् तिथंच अडला. खिडकीतनं समदी पोरं बगत्यात, मास्तर बगत्यात. हौसानं जवळ येऊन नीट बगितलं, तोंड बारीक केलं, आन् माज्या पाठीवर हात फिरवून मला समजावती कशी, 'लागत न्हाई रं आबा. तू ल्हान हाईस अजून. घरी जाऊन खेळ जा.'

आलो की मंग घरी! नियम म्हंजी नियम, मी पल्टनीतला मानूस, मी काय भांडनार? पन मी म्हंतो, येकट्यानं खेळायचं तरी काय, सांगा की!