दोघं हजर असल्याशिवाय

...नाही नाही, मला सांगा, मेलेला माणूस पानिपतला यायचा कसा? बसने? तिकीट काढतो मी, खिडकीची जागा देतो, पण माणूस कुठून आणू? आणि तो हरीश शेठ, गादीवर बसून, चष्मा पुसत पुसत मला विचारतो, "साहब, अकेले आए हो? दूसरे साहब साथ आएंगे, तभी रकम मिलेगी." चार वेळा! डिसेंबरपासून चार वेळा दिल्ली-पानिपत, धुक्यातून, मफलर गुंडाळून, आणि चारही वेळा तेच... दोघं हजर असल्याशिवाय अनामत परत नाही! अहो, मराठी माणसाने पानिपतला एकदा जाऊन शहाणं व्हायला नको होतं का?

तुम्हाला सांगतो, चूक शेठची नाही, चूक दादारावची. दादाराव म्हणजे माझा पार्टनर. दिवाळीनंतर गेला. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबला नाही. उभ्या जन्मात या माणसाने पहिल्यांदा कशाची घाई केली असेल तर ती ही! तो ऑडिटात, मी डिस्पॅचला, एकाच इमारतीत तीस वर्षं, रिटायर झालो आणि धंदा काढला. कसला? रजयांचा. हसू नका! आपली मंडळी बदली होऊन दिल्लीत येतात, सोबत सोलापूरची एक चादर, आणि डिसेंबर लागला की दात वाजवत फोन, "काका, काहीतरी करा!" मग आम्ही पानिपतच्या या शेठकडून रजया आणायच्या, मुनिरका वस्तीतल्या एका खोलीत रचायच्या आणि घरोघर पोचवायच्या. दादाराव प्रत्येक घरी रजई स्वतः पांघरून दाखवायचा. दोन घरांत झोपलाय तो!

तर शेठ म्हणाला, माल उधार देतो, एक लाख अनामत ठेवा. ठेवली, पन्नास हजार दादारावचे, पन्नास माझे. आणि इथे त्याच्यातला ऑडिटर जागा झाला. "सूर्यकांत, एकाची सही म्हणजे संशय, दोघांची सही म्हणजे व्यवहार! लिखिए शेठजी, दोनों भागीदार खुद हाजिर हों, तभी रकम वापस, वरना नहीं." शेठ बिचारा म्हणाला, "साहब, मरना-जीना भी तो लगा रहता है." तर हा काय म्हणतो? "वो बाद में देखेंगे." बाद में! आता बघ म्हणावं!

काय म्हणालात? मृत्यूचा दाखला? आहे ना! कोटाच्या आतल्या खिशात, घडी घालून, चारही वेळा होता. मग काढायचा होता की... अहो, काढायला हात जातो, तेवढ्यात शेठ विचारतो, "दूसरे साहब ठीक तो हैं?" आणि माझ्या तोंडून निघून जातं, "हां हां, बिल्कुल ठीक, ज़रा सर्दी है." चारही वेळा सर्दी! शेठ हळहळतो, आतून ओव्याची पुडी बांधून आणतो, "साहब को देना, गुड़ के साथ." चार पुड्या आहेत घरी. मला सर्दी झाली तरी फोडल्या नाहीत. त्याच्या आहेत ना त्या!

खोटं का बोललो? आता तुम्हाला काय सांगू... दिल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दूधवाल्याला, पेन्शनच्या खिडकीवरच्या बाईला, सगळ्यांना. सगळे आवाज खाली करून बोलायचे. सगळ्या जगात एक पानिपतच असं गाव उरलं होतं, जिथे दादाराव जिवंत होता, आणि त्याला नुसती सर्दी झाली होती. मीच जाऊन त्याला तिथे मारू?

पण मीराबाईंचे पैसे अडकले होते हो. दादारावची बायको. महिनाअखेरीस कायमच्या नागपूरला निघणार होत्या, सिद्धांतकडे, मुलाकडे. त्याआधी त्यांचे पन्नास हजार त्यांच्या हातात पडायला नकोत? त्या म्हणाल्या, "भाऊजी, शेठ ऐकत नाही ना? चला, मी येते." आता आली का पंचाईत! बसमध्ये तीन वेळा खरं सांगायला तोंड उघडलं, तिन्ही वेळा शेंगदाणे खाल्ले.

गेलो. शेठ उठून उभा राहिला, "आइए भाभीजी! साहब की सर्दी कैसी है?" मीराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मी खिशात हात घातला आणि दाखला गादीवर ठेवला... शेठ वाचत राहिला. कितीतरी वेळ वाचत राहिला. मग उठला, कपाट उघडलं आणि एक लिफाफा काढला. म्हणे श्रावणात दूसरे साहब एकटेच येऊन ठेवून गेले. म्हटलं, शेठजी, चार वेळा मी इथे बसलो, दिला का नाही? त्याने लिफाफा पुढे केला. वर दादारावचं अक्षर, "दोनों हाजिर हों, तभी खोलें." घ्या! स्वतःच्या मरणाचा कागद, आणि त्यावरही तीच अट! लिहिताना हात थांबलाच नसेल, तीस वर्षांची सवय!

मीराबाईंना त्याच्या जागी हजर धरलं आणि लिफाफा फोडला. आत सरकारी थाटात पत्र. सूर्यकांत एकटा आला, तर मी गेलो असं समजावं. तो सांगणार नाही. दाखला खिशात असेल, त्याला काढवणार नाही. त्याला छळू नये, चहा पाजावा, रक्कम द्यावी. खाली त्याची सही, आणि शेजारी एक रिकामी रेघ, "भागीदार क्रमांक दोन". मीराबाई हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग रडल्या. मी सही केली. दादाराव गेला, याला माझी मंजुरी! दोघांची सही झाली, व्यवहार पुरा.

मीराबाईंना त्यांचे पन्नास दिले, स्टेशनवर गाडीत बसवून आलो. घरी आलो तर माझे पन्नास टेबलावर. आणि लक्षात आलं, की आता पानिपतला जायला काही कारणच नाही. शेठ आता मला काही विचारणार नाही... फार वाईट वाटलं हो. इतकं, की गेल्या आठवड्यात बस धरली, गेलो, आणि पन्नास हजार परत गादीवर ठेवले. म्हटलं, अनामत घ्या. "साहब, धंधा तो बंद है!" म्हटलं, असू दे, लिहा, अट तीच. शेठने पेन उचललं, थांबला. "दूसरे भागीदार?" म्हटलं, तेच. त्याने नाव लिहिलं. आणि निघताना हातात ओव्याची पुडी ठेवली. "दूसरे साहब के लिए."

तर असं आहे, माझे पन्नास हजार पानिपतला अडकलेत. दोघं हजर असल्याशिवाय मिळायचे नाहीत. असू दे, घाई नाही. मी गेलो की त्याला घेऊनच येतो.