सरांचं ‘व्हेरी गुड’

हसा तुम्ही, पण इंग्रजी म्हणलं की मला अजून घाम फुटतो. नांदेडला क्लास लावला होता. सर म्हणले, “गुरुद्वाऱ्यापाशी परदेशी पाहुणे येतात, त्यांच्याशी रोजचं बोला. समोरचा काहीही म्हणू दे, आधी ‘व्हेरी गुड’ म्हणायचं, मग पुढचा प्रश्न.”

मी कॅनडाच्या एका आजोबाला गाठलं. नाव झालं, गाव झालं, जेवण झालं. मग आपला नेहमीचा प्रश्न, लेकरं किती?

“वन सन. ही डाइड लास्ट मंथ.”

“व्हेरी गुड! व्हॉट इज ही डुइंग नाऊ?”

आजोबांनी नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा कुठं मला कळलं, मी काय बोलून राहिलो.

दोस्तानं मोबाईलवर शूटिंग केलं होतं. सरांनी ते वर्गात लावलं आन् म्हणले, “बघा, एकदा तरी अडकला का हा?”