चेन्नई, सव्वा तास

नाव बर्नडेट वर्णकुलसूरिय, वय ६३ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त संगीत शिक्षिका, कॉन्व्हेंट शाळा, राहणार समुद्र रस्ता, नेगोंबो, श्रीलंका.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, मुलगा रुवान, सून जसिंता आणि घरकामाला असलेली सोमावती असे राहतो. जसिंता मूळची चेन्नईची. तिला आठवा महिना चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही तिच्याकडची रीत. बाळ जन्मेल तिथल्याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा, ही दोन्हीकडची. उद्या सकाळच्या विमानाचे तिचे तिकीट आहे. त्यानंतर दिवस भरत आल्यामुळे विमान कंपनी तिला घेणार नाही.

बाप्तिस्म्याचा अंगरखा मी शिवला आहे. लेसही लावून झाली आहे.

कोलंबो ते चेन्नई हे अंतर सुमारे सातशे किलोमीटर असून विमानाला सव्वा तास लागतो. जसिंताच्या आई स्टेलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर थर्मासच्या डब्यातून माशांचे कालवण पाठवतात. मागच्या रविवारी डबा उघडला तेव्हा रस्सा अजून कोमट होता. रुवानने बोटे चाटली. म्हणाला, "मम्मी, चाखून तरी बघ!" मी त्या दिवशी सुरमई केली होती. ती दुसऱ्या दिवशी मांजराला घातली.

स्टेलाबाईंनीच बाळंतपणाला इकडे यावे, असे मी सुचवले होते. रुवान म्हणाला, "या वयात समुद्र ओलांडून? लांब पडतं गं त्यांना." जसिंताचे जायचे ठरले तेव्हा तोच म्हणाला, "सव्वा तास तर आहे! कँडीच्या बसमध्ये तू याहून जास्त वेळ घोरतेस." जसिंता हसली. ती मला आंटी म्हणते.

गुरुवारी जसिंताचा पासपोर्ट कपाटात नसल्याचे लक्षात आले. ती रडत म्हणाली, "आंटी, अम्मा तिकडे पाळणा बांधून बसलीय हो." मी तिला पाणी दिले. शुक्रवारी तिने तक्रार दिली.

आज सकाळी पोलीस झडतीला आले. त्या वेळी मी पियानोच्या स्टुलावर बसले होते. स्टुलाला झाकण असून आत माझी भजनांची पुस्तके असतात. हवालदार म्हणाले, "मॅडम, जरा उठता का?" सोमावती मला नोना, म्हणजे बाईसाहेब, म्हणते. ती मध्येच म्हणाली, "बसू द्या हो नोनांना, गुडघे धरलेत त्यांचे." हवालदार पुढच्या खोलीत गेले.

माझे गुडघे दुखत नाहीत. दर रविवारी चर्चला जाताना सोमावतीच मागे राहते आणि "नोना, हळू चला की!" असे ओरडते.

सोमावतीच्या पेटीत काही मिळाले नाही. तरीही संशयावरून तिला येथे ठाण्यात आणले. ती बाहेरच्या बाकावर आहे. मी आत येताना तिने एवढेच विचारले, "नोना, प्रेशरची गोळी घेतलीत ना?"

माझे म्हणणे असे की, सोमावतीला ताबडतोब घरी सोडावे. जसिंताने सामान बांधून ठेवावे. अंगरखा घडी करून माझ्या पलंगावर ठेवला आहे, तो तिने बरोबर न्यावा.

घराची झडती पुन्हा घ्यावी. या वेळी मी उभी राहीन.

हा जबाब मला वाचून दाखवला. सव्वा तास लिहिले आहे ते बरोबर आहे. बाकीही माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही